संरक्षण सहकार्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता: पुण्यातल्या उद्योजकांना आणि विद्यार्थ्यांना वारंवार पडणारे प्रश्न

भोसरी-चाकणच्या लघुउद्योगांतून, हिंजवडी-बाणेरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नुकसान नेमकं तिथेच होतं.

दोन देश एआयमध्ये 'सहकार्य' करतात म्हणजे एकमेकांना नेमकं काय देतात?

बातमीत शब्द एकच असतो, पण त्यामागे बऱ्याच पायऱ्या असतात. सगळ्यात खाली तयार माहिती: अमुक जहाज अमुक ठिकाणी आहे, एवढंच. त्यावर कच्चा डेटा, म्हणजे कॅमेरा, रडार, सोनार यांचे नमुने. त्यावर शिकवून तयार केलेलं मॉडेल, म्हणजे असे नमुने पाहून निष्कर्ष काढणारा संगणक-कार्यक्रम. मग एकत्र बसून नवी यंत्रणा बनवणं. आणि सगळ्यात वर, एका देशाच्या मॉडेलने दुसऱ्या देशाच्या ड्रोनला मोहिमेत चालवणं.

जितकं वर जावं तितका विश्वास जास्त लागतो. वरच्या पायरीचं ठळक उदाहरण एप्रिल २०२३ मधलं. ब्रिटनमध्ये अपेव्हन इथे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका या ऑकस देशांनी ड्रोन हवेत असतानाच मॉडेल नव्याने शिकवलं आणि ते एकमेकांच्या यंत्रांत बदलून वापरलं. भारत अजून कोणाबरोबरही इतक्या वर गेलेला नाही. आपलं काम मुख्यतः माहितीची देवाणघेवाण आणि एकत्र विकास या पायऱ्यांवर आहे, आणि छोट्या कंपनीला शिरकाव मिळतो तो एकत्र विकासाच्या दारातूनच.

यात पुण्याचं काय? एआय तर बेंगळुरूत होतं.

डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एआयची मुख्य प्रयोगशाळा, केअर, बेंगळुरूत आहे हे खरं. पण मॉडेलला चालायला शरीर लागतं, आणि ते पुण्यात बनतं. बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' यंत्रमानव दिघीच्या आरअँडडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेने घडवला. पाषाणला शस्त्रास्त्रांची एआरडीई आणि स्फोटकांची एचईएमआरएल आहे, गिरीनगरला डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ आहे, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक देणारं सी-डॅक इथलंच. वाहनं आणि त्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासायला एआरएआय आहे.

आणखी एक गोष्ट पुणेकरांच्याही लक्षात नसते. औंधच्या लष्करी परिसरात परदेशी सैन्यांबरोबरच्या सरावांसाठी वेगळं केंद्र आहे. तिथे २०१८ मध्ये बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा, २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकी देशांचा, आणि एप्रिल २०२५ मध्ये उझबेकिस्तानबरोबरचा 'दुस्तलिक' सराव झाला. शेवटच्या सरावात ड्रोन आणि ड्रोनविरोधी उपाय दोन्ही होते.

भारताचे याबाबत कोणाशी करार आहेत?

अमेरिकेबरोबरची साखळी सगळ्यात लांब आहे. २००२ मध्ये गुप्त लष्करी माहितीच्या संरक्षणाचा करार, २०१६ मध्ये रसद पुरवठ्याचा लेमोआ, २०१८ मध्ये सुरक्षित संपर्काचा कॉमकासा, २०२० मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीचा बेका. उद्योगांच्या दृष्टीने महत्त्वाचा मात्र डिसेंबर २०१९ चा औद्योगिक सुरक्षा करार, कारण गुप्त माहिती खासगी कंपन्यांपर्यंत नेण्याची वाट त्याने मोकळी केली. जून २०२३ मध्ये 'इंडस-एक्स' हा संरक्षण नवकल्पनांचा संयुक्त उपक्रम सुरू झाला, आणि त्यातून पाण्याखालचा संपर्क आणि सागरी टेहळणी या विषयांवर दोन्ही देशांच्या नवउद्योगांना एकत्र आव्हानं दिली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वयंचलित यंत्रणांसाठी वेगळी औद्योगिक आघाडी जाहीर झाली. इस्रायलबरोबर डीआरडीओचा नोव्हेंबर २०२१ चा करार आहे, आणि त्यात एआय, ड्रोन, क्वांटम यांचा उल्लेख आहे.

करार झाला म्हणजे तुमच्या कंपनीला परवानगी मिळाली, असं अजिबात नाही. करार सरकारांमध्ये असतो. तुमची फाईल तुम्हालाच हलवावी लागते.

भागीदार देश डेटा देत नाही, फक्त मॉडेल देतो. हे आडमुठेपणाचं आहे का?

नाही. डेटा म्हणजे नुसती चित्रं नसतात. सेन्सर किती अंतरावरून किती स्पष्ट पाहतो, विमान कोणत्या मार्गाने उडालं, कोणत्या जागेवर लक्ष होतं, हे सगळं त्यातून कळतं.

म्हणून 'विकेंद्रित प्रशिक्षण' हा मार्ग निघाला: डेटा ज्याचा त्याच्याकडे राहतो, प्रत्येक जण आपल्याकडे मॉडेल शिकवतो आणि फक्त मॉडेलच्या आतले बदललेले आकडे पाठवतो. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात तीन अडचणी येतात.

पहिली, गळती. बदललेल्या आकड्यांवरूनही मूळ चित्राचा काही भाग परत बांधता येतो. त्यामुळे सगळ्यांचे आकडे कुलूपबंद अवस्थेतच एकत्र करणं किंवा त्यात मोजून गोंगाट मिसळणं भाग पडतं. गोंगाट वाढवला की अचूकता घसरते. किती घसरलेली चालेल हे दोन्ही बाजूंनी आधी लिहून ठेवावं.

दुसरी, वजन. अडीच कोटी आकड्यांचं मध्यम मॉडेल १६ बिटमध्ये ५० एमबीचं होतं. रेडिओवर सेकंदाला १ मेगाबिटच मिळत असेल तर ते पोचायला ४०० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं, तेही दुवा एकदाही न तुटता. त्याऐवजी मूळ मॉडेल आधीच दोन्हीकडे ठेवून फक्त एखाद्या टक्क्याएवढी जोडपट्टी, म्हणजे नव्याने शिकलेला छोटा भाग, पाठवली तर काम चार सेकंदांत होतं.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट. दोघांचा डेटा एका जातीचा नसतो. एकाकडे हिरवं युरोपीय रान, दुसऱ्याकडे राजस्थानची वाळू किंवा लडाखचा उघडा डोंगर. सरासरी काढलेलं मॉडेल मग दोन्हीकडे मध्यमच चालतं. सामायिक भाग एकत्र शिकवावा आणि शेवटचे थर प्रत्येकाने आपल्या भूभागावर वेगळे शिकवावेत, हाच त्यातल्या त्यात चालणारा उपाय.

दोन देशांच्या यंत्रणा जोडताना सगळ्यात जास्त गडबड कुठे होते?

मॉडेलमध्ये क्वचित. गडबड होते ती घड्याळ, उंची, कोन आणि नावं यांत.

घड्याळ: जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, कारण प्रमाणवेळेत अधूनमधून घातले जाणारे जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, जीपीएसमध्ये मिसळले जात नाहीत. एका बाजूने जीपीएस वेळ लावली आणि दुसऱ्याने प्रमाणवेळ, तर ताशी ९० किलोमीटरने जाणारं वाहन नकाशावर ४५० मीटर सरकलेलं दिसतं. पडद्यावर सगळं व्यवस्थित वाटतं, म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

उंची: काही उपकरणं समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. पुण्याच्या परिसरात या दोहोंत साधारण ६० ते ७० मीटरचा फरक पडतो, आणि भारताच्या दक्षिणेला समुद्रात तो शंभराच्याही वर जातो. ड्रोन कमी उंचीवर उडवायचा असेल तर एवढ्यात टेकडी लागते.

कोन: नाटो पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल होतात, सोव्हिएत पद्धतीत ६०००. आपल्याकडे दोन्ही वंशांची उपकरणं आहेत. १००० मिल हा आकडा एका पद्धतीत सव्वाछप्पन्न अंश, दुसरीत साठ. पाच किलोमीटरवर हा फरक सव्वातीनशे मीटरच्या घरात जातो.

नावं: एका देशाच्या यादीत 'ट्रक', दुसऱ्याच्या यादीत 'लष्करी वाहन' आणि 'नागरी वाहन'. अशा याद्या घाईने जोडल्या की लष्करी आणि नागरी यांतली रेषाच पुसली जाते, आणि ही चूक माणसांच्या जिवावर बेतणारी आहे. डेटाच्या एकाही चित्राला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी बसून नावांचा तक्ता करावा. ज्या नावाला जोड नाही त्याला 'अज्ञात' ठेवावं, ओढूनताणून बसवू नये.

उष्णताचित्रांत आणखी एक खाच आहे. काही कॅमेरे गरम वस्तू पांढरी दाखवतात, काही काळी. एका पद्धतीवर शिकलेलं मॉडेल दुसरीवर जवळजवळ आंधळं होतं. शिकवतानाच अर्धी चित्रं उलटी करून मिसळली तर हा प्रश्न बराच सुटतो.

ड्रोनच्या नियंत्रणासाठी स्टॅनॅग ४५८६ आणि व्हिडिओसाठी स्टॅनॅग ४६०९ ही नाटोची प्रमाणकं पाश्चात्त्य भागीदार हमखास विचारतात. भारत नाटोत नाही, पण रचना करतानाच ही दोन्ही डोळ्यांसमोर ठेवलीत तर नंतरची मोडतोड वाचते.

आमचं मॉडेल ९९.९ टक्के अचूक आहे. तरी परदेशी तपासणीत नापास का झालं?

गणित करून पाहा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं देतो, म्हणजे तासाला १,०८,०००. रिकाम्या चित्रावर हजारात एकदा चूक होत असेल तरी तासाला १०८ खोटे इशारे. पहाऱ्यावरचा जवान पहिल्या तासातच इशाऱ्यांकडे लक्ष देणं सोडून देईल. म्हणून टक्केवारी सांगू नका. 'तासाला किती खोटे इशारे' आणि 'किती अंतरावर किती लक्ष्यं सुटली' हे दोन आकडे द्या.

दुसरं कारण उष्णता. सीलबंद धूळरोधक डब्यातलं प्रोसेसर कार्ड मे महिन्याच्या उन्हात तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. टेबलावर सेकंदाला ३० चित्रं तपासणारी यंत्रणा मैदानात निम्म्यावर येते आणि हलणारं लक्ष्य निसटतं. भारतात पर्यावरणीय चाचणी जेएसएस ५५५५५ नुसार होते, अमेरिकी भागीदार मिल-स्टँडर्ड ८१० मागतो, आणि विद्युतचुंबकीय हस्तक्षेपासाठी मिल-स्टँडर्ड ४६१. चाचणीचा आराखडा दोन्ही प्रमाणकं समोर ठेवून एकदाच करा. दुसऱ्यांदा प्रयोगशाळेची तारीख घेण्यात महिने जातात.

भारतीय सैन्यदलांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ईटीएआय' ही विश्वासार्ह एआयच्या मूल्यमापनाची चौकट आली. भरवसा, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि खासगीपणा ही तिची मुख्य तत्त्वं. तुमचा चाचणी अहवाल याच क्रमाने लिहिलात तर तपासणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही.

संयुक्त सरावात एआयचा खरा उपयोग कशाला होतो?

ड्रोनचे फोटो छापून येतात, पण भाषांतराची गरज रोजची असते. मराठी, हिंदी, उझबेक, फ्रेंच, स्वाहिली बोलणारी माणसं एकाच तुकडीत काम करतात. इथे एक साधी तांत्रिक चूक वारंवार होते. वाणी ओळखणारी बहुतेक मॉडेलं सेकंदाला १६,००० नमुन्यांच्या स्वच्छ आवाजावर शिकलेली असतात, तर लष्करी रेडिओवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यातून येतो. त्यात वारा, इंजिन, आणि बटण उशिरा दाबल्यामुळे कापला गेलेला पहिला शब्द. शिकवण्याचा आवाज आधी त्याच पट्ट्यातून गाळून, वर खऱ्या इंजिनाचा गोंगाट घालून घ्या. आणि 'थांबा', 'गोळीबार बंद' यांसारखे आदेश भाषांतरावर कधीही सोडू नका. त्यांचे ठरावीक शब्द सरावाआधी सगळ्यांकडून पाठ करून घ्यावेत.

परदेशी भागीदाराला कोड किंवा मॉडेल ईमेलने पाठवलं तर ती निर्यात होते का?

होते. खोक्यात भरून बंदरातून गेलं तरच निर्यात, हा समज सोडून द्या. ईमेल, सर्व्हरवरून डाउनलोड, व्हिडिओ बैठकीत पडद्यावर दाखवलेला आराखडा, हे सगळं तंत्रज्ञानाचं हस्तांतर ठरू शकतं.

भारतात यासाठी डीजीएफटीची, म्हणजे विदेशी व्यापार महासंचालनालयाची, 'स्कोमेट' ही नियंत्रित वस्तूंची यादी आहे. लष्करी वस्तू सहाव्या प्रवर्गात येतात आणि त्यांची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. पाचव्या प्रवर्गात हवाई यंत्रणा, आठव्यात नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, सेन्सर यांसारख्या गोष्टी. या दोन्हींसाठी डीजीएफटीकडे जावं लागतं. २०१७ च्या डिसेंबरात भारत वासेनार या निर्यात-नियंत्रणाच्या बहुदेशीय व्यवस्थेत गेला आणि आपली यादी तिच्याशी जुळवली गेली.

काम या क्रमाने करा. आधी वर्गीकरण: 'एआय' असा शब्द यादीत शोधत बसू नका, कारण नियंत्रण बहुतेक वेळा ज्या यंत्रासाठी ते सॉफ्टवेअर खास बनवलं आहे त्यावरून ठरतं. मग आयात-निर्यात कोड आहे ना ते पाहा. त्यानंतर अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र मागवा, आणि इथेच सर्वाधिक अर्ज अडकतात: भागीदार कंपनी स्वतःचं नाव घालते, पण वस्तू वापरणार असतं त्यांचं सैन्य. साखळीतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, उपयोग स्पष्ट हवा. मग खरेदी आदेश आणि तांत्रिक तपशिलांसह ऑनलाइन अर्ज. दुहेरी वापराच्या अर्जांवर अनेक मंत्रालयांचा गट विचार करतो, म्हणून करारातल्या तारखा परवानगीनंतर मोजायला लावा. कागदपत्रं किमान पाच वर्षं जपा.

सर्वांसाठी खुलं झालेलं ज्ञान आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधन याला सूट आहे. 'आमचं संशोधनच आहे' एवढं म्हणून ती मिळत नाही.

आणि अमेरिकन नियम? आम्ही तर भारतीय कंपनी.

अमेरिकन भाग किंवा तंत्रज्ञान हातात घेतलंत की ते नियम तुमच्या मागे येतात. दोन संच आहेत: लष्करी वस्तूंसाठी आयटार, दुहेरी वापरासाठी ईएआर. ईएआरमध्ये बहुतेक देशांसाठी अमेरिकन हिश्शाची २५ टक्क्यांची मर्यादा आहे; हिस्सा तिच्या आत असेल तर हे नियम सहसा लागत नाहीत. आयटारमध्ये अशी सवलतच नाही. एक छोटा नियंत्रित भाग आख्ख्या यंत्रणेला बांधून टाकतो, आणि ती तिसऱ्या देशाला विकायची तर वॉशिंग्टनची परवानगी लागते. त्यामुळे आराखड्याच्या टप्प्यावरच प्रत्येक भागापुढे त्याचं नियंत्रण वर्गीकरण लिहा. पुरवठादाराकडून ते लेखी घ्या. तोंडी 'काही अडचण नाही' याला किंमत नाही.

इंटरनेटवर मोफत मिळणारं मॉडेल किंवा डेटासंच वापरला तर?

परवाना वाचल्याशिवाय नको. उपग्रहचित्रांचा 'एक्सव्ह्यू' हा संच फार उपयोगी आहे: दहा लाखांहून अधिक वस्तू, ६० प्रकार, ३० सेंटिमीटर स्पष्टता. पण त्याचा परवाना बिगर-व्यावसायिक वापरापुरता आहे. चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या योलो मॉडेलच्या लोकप्रिय आवृत्त्यांपैकी अल्ट्रालिटिक्सच्या आवृत्त्या एजीपीएल परवान्याखाली येतात, म्हणजे स्वतःचा कोड उघडा करायचा नसेल तर व्यावसायिक परवाना विकत घ्या. मेटाच्या लामा या भाषा-मॉडेलच्या अटींत लष्करी वापराला मनाई आहे; नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारी यंत्रणा आणि निवडक मित्रदेशांना मुभा दिली, पण ती आपोआप तुमची होत नाही.

मॉडेल कशावर शिकलं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: संचाचं नाव, आवृत्ती, परवाना, उतरवल्याची तारीख, फाईलचा हॅश (फाईल बदलली नाही हे ओळखायची खूण), कोणी नावं लावली. दोन वर्षांनी ही वही मागून लिहिता येत नाही, आणि परदेशी भागीदार पहिल्याच बैठकीत ती मागतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या सामग्री-यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जुलै २०२५ च्या आवृत्तीत एआय मॉडेलांची सामग्री-यादीही घेतली. तोच साचा वापरा.

ड्रोनमध्ये चिनी भाग असतील तर?

अमेरिकी संरक्षण विभागाच्या कामात २०२० च्या संरक्षण कायद्याचं कलम ८४८ आडवं येतं. उड्डाण नियंत्रक, रेडिओ, डेटा पाठवणारी उपकरणं, कॅमेरा, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी चौकट), जमिनीवरचं नियंत्रण केंद्र आणि चालवणारं सॉफ्टवेअर, यांत चिनी मूळ चालत नाही. भारतीय लष्करही हेच तपासतं. खोक्यावरच्या लेबलावर जाऊ नका, यंत्र उघडून आतल्या चिपवरचे आकडे पाहा.

पैसे कुठून येतील?

संरक्षण मंत्रालयाची एप्रिल २०१८ पासून चालू असलेली आयडेक्स योजना बघा. सैन्यदलांनी मांडलेल्या साधारण आव्हानाला दीड कोटीपर्यंत, 'प्राइम'ला १० कोटीपर्यंत, आणि मार्च २०२४ च्या 'अदिती' योजनेत २५ कोटीपर्यंत अनुदान मिळतं. नोंदणीकृत नवउद्योग आणि लघुउद्योग अर्ज करू शकतात. रक्कम टप्प्याटप्प्याने येते आणि तुमचाही हिस्सा घालावा लागतो, म्हणून खेळतं भांडवल हाताशी हवं. टप्पे लिहिताना 'मॉडेल पूर्ण' असं लिहू नका. 'अमुक अंतरावर, अमुक प्रकाशात, तासाला इतक्याहून कमी खोटे इशारे' असं लिहा, म्हणजे हप्ता वादात अडकत नाही.

गोळी झाडायची की नाही हे यंत्र ठरवणार का? भारताची भूमिका काय?

स्वयंचलित घातक शस्त्रांवरची चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली चालते. तिथल्या तज्ज्ञ गटाचे पहिले अध्यक्ष भारताचे अमनदीप सिंग गिल होते, आणि २०१९ मध्ये तिथे ११ मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली. जबाबदारी माणसाचीच राहते, ती यंत्रावर ढकलता येत नाही, हे त्यांपैकी एक. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या विषयावर ठराव आला तेव्हा भारताने विरोधी मत दिलं. चर्चेची योग्य जागा जिनिव्हाच, असं भारताचं म्हणणं आहे. लष्करी एआयवरच्या सप्टेंबर २०२४ च्या सोल परिषदेत ६१ देशांनी मान्य केलेल्या आराखड्यालाही भारताने पाठिंबा दिला नाही.

नियमांची एकवाक्यता नसल्यामुळे कंपनीवरचा भार वाढतो, कमी होत नाही. यंत्रणा बनवताना तीन गोष्टी सोडू नका. माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडू नये. संपर्क तुटला तर यंत्राने थांबावं किंवा परतावं, अंदाजाने पुढे जाऊ नये. आणि कोणत्या आवृत्तीच्या मॉडेलने, कोणत्या चित्रावर, किती खात्रीने काय सुचवलं आणि कोणी मंजूर केलं याची न पुसता येणारी नोंद राहावी. 'हो' म्हणायला जवानाला दोनच सेकंद मिळत असतील तर ती मंजुरी नावापुरती आहे. पडद्याची रचना करणाऱ्याने हे मनाला लावून घ्यायला हवं.

विद्यार्थ्यांनी सुरुवात कशी करावी?

उष्णताचित्रं, रडार आणि ध्वनी यांपैकी एक सेन्सर निवडून त्याचं भौतिकशास्त्र शिका. मॉडेल चालवणारे खूप आहेत, सेन्सर समजणारे कमी. एम्बेडेड सी++ सोडू नका. डीआयएटीचे एआयचे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि संरक्षण तंत्रज्ञानातलं एम.टेक. पाहा. लष्करी भागांचे फोटो काढून डेटासंच बनवण्याचा मोह टाळा. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा विद्यार्थ्याला वेगळं काढत नाही.

प्रकल्प संपल्यावर भागीदाराचा डेटा परत केला की झालं?

डेटा परत जातो, पण त्यावर शिकलेलं मॉडेल तुमच्याकडेच राहतं, आणि त्यातून तो डेटा वेगळा काढून टाकण्याची खात्रीची पद्धत अजून नाही. म्हणून करारात आधीच तीन ओळी घाला: त्या डेटावर शिकलेल्या प्रत्येक मॉडेलची मालकी कोणाची, ते दुसऱ्या ग्राहकाला वापरता येईल का, आणि नष्ट करायचं ठरलं तर बॅकअपसह कोणाच्या समोर. भागीदाराच्या डेटाआधीची मॉडेलची प्रत वेगळ्या डिस्कवर तारीख घालून ठेवा. वाद झाला तर तिथून पुन्हा सुरुवात करता येते.